सल्ला सदर: दोन चाचण्या एकमेकींशी जुळत नाहीत तेव्हा काय करायचं, हे शिकवणारा अभ्यासक्रम निवडा

वाचकाचं पत्र

मी श्रवणशास्त्रातली पदवी घेऊन चार वर्षं एका श्रवणयंत्र केंद्रात काम करते. ऑडिओग्राम (कोणता स्वर किती हळू ऐकू येतो त्याचा आलेख), टिम्पॅनोमेट्री (मधल्या कानाची दाब-चाचणी), यंत्र बसवणं हे सगळं हातचं झालंय. पण असे पेशंट नेमाने येतात, जिथे माझं काही चालत नाही. ऑडिओग्राम नॉर्मल आणि तक्रार मात्र ‘चारचौघांत बोलणं कळत नाही’ अशी. कानात सतत आवाज येतो म्हणणाऱ्यांना मी ‘हळूहळू सवय होईल’ एवढंच सांगते आणि मग मलाच वाईट वाटतं. अडीच वर्षांचा एक मुलगा आहे. त्याची ओएई (आतल्या कानातून परत येणाऱ्या सूक्ष्म ध्वनीची चाचणी) नॉर्मल होती, बेरामध्ये (आवाजाला नस आणि मेंदूचा देठ देतात त्या विद्युत प्रतिसादाच्या चाचणीत) लहरी आल्याच नाहीत, आणि यंत्र लावूनही आईवडिलांना फरक दिसत नाही. मला गुंतागुंतीच्या श्रवणविकारांचं पदव्युत्तर प्रशिक्षण घ्यायचं आहे. एक अभ्यासक्रम वर्षभराचा आहे, जवळपास सगळा ऑनलाइन, शेवटी दोन आठवडे प्रत्यक्ष काम. दुसरा दोन वर्षांचा, पूर्णवेळ, रुग्णालयाला जोडलेला. त्यासाठी नोकरी सोडावी लागेल. कोणता घेऊ? प्रवेश घेण्याआधी काय विचारू? आणि तोवर घरच्या घरी काय तयारी करू?

— एक श्रवणतज्ज्ञ

उत्तर

नमस्कार.

अभ्यासक्रमाचं नंतर बोलू. आधी त्या मुलाचं, कारण तो तुमची पदवी पूर्ण होईपर्यंत थांबू शकत नाही.

ओएई आहे आणि बेरा नाही, हे चित्र ऑडिटरी न्यूरोपथीचं असू शकतं. म्हणजे आतल्या कानातल्या बाह्य केसपेशी काम करताहेत, पण त्यापुढे आतल्या केसपेशी, त्यांचा नसेशी असलेला सांधा किंवा खुद्द नस यांपैकी कुठेतरी संदेशाची वेळ विस्कटते. या विकाराला हे नाव १९९६ साली मिळालं. जन्मतः खूप वाढलेली कावीळ, मुदतीआधीचा जन्म, प्राणवायू कमी पडणं ही नेहमीची पार्श्वभूमी असते. आईवडिलांना हे विचारलं नसेल तर आधी विचारा.

मग बेराचा मूळ रेकॉर्ड मागवा. अहवालावरचं ‘प्रतिसाद नाही’ हे एक वाक्य पुरत नाही, लहरी डोळ्यांनी पाहा. क्लिक आलटून-पालटून ध्रुवतेचे दिले असतील तर कॉक्लियर मायक्रोफोनिक (केसपेशींचा स्वतःचा विद्युत प्रतिसाद) बेरजेत पुसला जातो आणि न्यूरोपथी नुसत्या तीव्र बहिरेपणासारखी दिसते. चाचणी पुन्हा करायची तर इन्सर्ट इअरफोन (कानाच्या आत बसणारा) लावून ८० ते ९० डेसिबलला, रेअरफॅक्शन (आधी दाब कमी करणारे) आणि कंडेन्सेशन (आधी दाब वाढवणारे) क्लिक वेगवेगळे नोंदवून करायची. ध्रुवता बदलल्यावर लहर उलटी झाली तर ती मायक्रोफोनिक. मेंदूच्या देठाकडून येणारी पाचवी लहर अशी उलटत नाही. एवढ्यावरही थांबायचं नाही. इअरफोनची नळी चिमटीत दाबून एक रन घ्यायचा. आवाज कानात जात नसतानाही तीच लहर दिसली, तर तो यंत्राचाच विद्युत गोंधळ आहे, कानाचा प्रतिसाद नव्हे. हा एक रन दोन मिनिटांचा असतो आणि घाईच्या दिवशी नेमका तोच गाळला जातो.

यात तुमच्यासाठी महत्त्वाचं हे, की न्यूरोपथीत बेरावरून ऐकण्याची पातळी ठरवता येत नाही. लहरी नाहीत याचा अर्थ मूल ९० डेसिबललाही ऐकत नाही, असा होत नाही. काही मुलांचा खरा थ्रेशोल्ड (ऐकू येणारा सर्वांत हळू आवाज) ३०-४० डेसिबलवर असतो, काहींचा त्याहून खूप वाईट. म्हणून यंत्राचं सेटिंग बेरावर बेतलं असेल तर ते आज तपासा. अडीच वर्षांच्या मुलाकडून व्हीआरए (आवाजाकडे वळलं की खेळणं दाखवून घेतलेली चाचणी) बहुधा मिळते, थोडं खेळीमेळीने घेतलं तर प्ले ऑडिओमेट्रीही जमू शकते. वर्तनावरून मिळालेल्या थ्रेशोल्डवर यंत्र बसवा, रिअल-इअर मापन (यंत्राचा आवाज प्रत्यक्ष कानात मोजणं) किंवा आरईसीडी (मुलाच्या कानाच्या आकारामुळे पडणाऱ्या फरकाचं मापन) घेऊन लक्ष्य गाठलंय याची खात्री करा, आणि तीनेक महिने बोलण्याच्या आकलनाची नोंद ठेवा. त्याच वेळी मुलाला कॉक्लियर इम्प्लांटच्या (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायच्या यंत्राच्या) चमूकडे पाठवा. श्रवणयंत्र अपयशी ठरल्यानंतर करायचं हे काम नाही, समांतर करायचं आहे. एमआरआय लागेल, कारण श्रवणनस अविकसित असली तरी चाचण्यांचं चित्र हुबेहूब असंच येतं, आणि नसच नसेल तर इम्प्लांटबद्दलचा सगळा विचार बदलतो. जनुकीय तपासणीही सुचवा. ओटोफर्लिन या प्रथिनाच्या जनुकात दोष असेल तर बिघाड सांध्यावर असतो, नस शाबूत असते आणि इम्प्लांटचा निकाल सहसा चांगला लागतो. याच जनुकावरच्या उपचारानंतर काही मुलांना ऐकू येऊ लागल्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत, त्यामुळे कारण शोधून ठेवण्याला आता आणखी मोल आलं आहे.

हे इतकं सविस्तर लिहिण्यामागे दुसरंही कारण आहे. तुम्हाला ज्याचं प्रशिक्षण हवंय, त्याचा गाभा या एका मुलात आहे. साध्या केसमध्ये सगळ्या चाचण्या एकच गोष्ट सांगतात. गुंतागुंतीच्या केसमध्ये त्या एकमेकींच्या विरुद्ध बोलतात, आणि निदान बहुतेक वेळा त्या विसंगतीतच सापडतं. जेम्स जर्गर आणि डेबोरा हेज यांनी १९७६ मध्ये मुलांच्या श्रवणचाचणीसाठी हाच नियम मांडला: कोणत्याही एका चाचणीचा निकाल दुसऱ्या, वेगळ्या प्रकारच्या चाचणीने दुजोरा दिल्याशिवाय स्वीकारायचा नाही. हा नियम पदवीच्या वर्गात सगळेच पाठ करतात. दुजोरा मिळाला नाही तर पुढे नेमकं काय करायचं, हे मात्र पुस्तकातून येत नाही. ते कोणीतरी शेजारी बसून शिकवावं लागतं.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: दोन वर्षांचा अभ्यासक्रम घ्या, पण एका अटीवर. तिथे तुम्हाला स्वतःच्या नावावर पेशंट मिळाले पाहिजेत, आणि तुम्ही घेतलेला प्रत्येक निर्णय अनुभवी माणसाने तपासला पाहिजे. हे मिळणार नसेल तर रुग्णालयाला जोडलेला असूनही तो अभ्यासक्रम म्हणजे दोन वर्षं दुसऱ्याच्या पाठीमागे उभं राहणं आहे.

ऑनलाइन अभ्यासक्रम वाईट नसतात. श्रवणाचं शरीरशास्त्र, सायकोअकूस्टिक्स (आवाज आपल्याला कसा जाणवतो याचं शास्त्र), जनुकशास्त्र, संशोधनपद्धती हे सगळं पडद्यावर उत्तम शिकता येतं. पण शेवटचे दोन आठवडे तुम्हाला काय दाखवतील? इम्प्लांटचंच घ्या. यंत्र सुरू केल्याच्या दिवसाचं मॅपिंग (इलेक्ट्रोडच्या पातळ्या ठरवणं) दोन आठवड्यांत पाहून होईल. पण शिकण्यासारखं असतं ते पुढे. पहिल्या महिन्यात इम्पिडन्स (विद्युत अडथळा) खाली येतात आणि पातळ्या वर सरकतात. तिसऱ्या महिन्यात मूल अचानक यंत्र काढून फेकायला लागतं आणि कारण शोधावं लागतं. एखाद्या इलेक्ट्रोडवर चेहऱ्याची नस उत्तेजित होऊन गाल किंवा पापणी उडते. मग पातळी कमी करायची, पल्स रुंद करायचा की तो इलेक्ट्रोड बंदच करायचा, हे ठरवावं लागतं. नसेचा ईकॅप (इम्प्लांटमधूनच मोजलेला विद्युत) प्रतिसाद मिळाला म्हणून तोच आकडा आरामदायक पातळी समजून टाकला, तर काही मुलांना आवाज टोचणारा होतो आणि आईवडील सांगतात, ‘याला मशीन आवडत नाही.’ हे सारं एकाच पेशंटमागे महिनोन्‌महिने राहिल्याशिवाय समजत नाही.

नोकरी अजिबात सोडता येत नसेल तर तिसरा मार्ग विचारून पाहा: तात्त्विक भाग ऑनलाइन, आणि प्रत्यक्ष काम आठवड्यातून दोन दिवस वर्षभर, मान्यताप्राप्त मार्गदर्शकाच्या हाताखाली. सलग दोन आठवड्यांत जेवढे तास भरतात त्याच्या कितीतरी पट तास असे मिळतात, आणि ते पसरलेले असल्यामुळे पेशंट परत आलेला दिसतो.

आता दुसरा प्रश्न, प्रवेशाआधी काय विचारायचं.

माहितीपत्रकात यंत्रांची यादी असते. ती वाचा, पण तिच्यावर भुलू नका. व्हिडिओ हेड इम्पल्स आणि व्हेम्प (तोल सांभाळणाऱ्या भागाच्या चाचण्या), एएसएसआर (बेरासारखी थ्रेशोल्ड काढणारी चाचणी) हे सगळं ठेवलेलं असतं आणि अनेकदा कपाटात असतं. विचारायचं ते हे, की गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्याची लॉगबुक बघायला मिळेल का. नावं झाकलेली असली तरी चालेल. त्यात तीन गोष्टी शोधा. किती चाचण्या विद्यार्थ्याने स्वतः केल्या आणि किती फक्त पाहिल्या, हे वेगळं लिहिलंय का? एकच पेशंट किती वेळा परत आल्याची नोंद आहे? आणि मार्गदर्शकाचे शेरे कसे आहेत? नुसती सही असेल तर सावध व्हा. ‘मास्किंग पुरेसं नाही, ५०० हर्ट्‌झ पुन्हा’ असा एक शेरा (मास्किंग म्हणजे न तपासल्या जाणाऱ्या कानात गोंगाट देऊन तो झाकणं) दिसला तर त्या ठिकाणी शिकवलं जातं असं समजा.

दुसरं, संयुक्त ओपीडी आहे का. कान-नाक-घसा तज्ज्ञ, न्यूरॉलॉजिस्ट, बालरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ यांच्याबरोबर एकाच खोलीत बसून केस चर्चेला येते का, की फक्त चिठ्ठ्या फिरतात? एक उदाहरण देतो, म्हणजे हे का विचारायचं ते लक्षात येईल.

पेशंटला एका कानाने कमी ऐकू येतं. ऑडिओग्रामवर २५० आणि ५०० हर्ट्‌झला २५-३० डेसिबलची एअर-बोन गॅप (हवेतून आणि हाडातून ऐकण्यातला फरक) आहे. टिम्पॅनोग्राम नॉर्मल. वय आणि चित्र पाहून कुणीही ऑटोस्क्लेरोसिस (मधल्या कानातलं स्टेप्स हे छोटं हाड घट्ट बसणं) म्हणेल आणि शस्त्रक्रियेचा सल्ला देईल. पण स्टेपीडियल रिफ्लेक्स (मोठ्या आवाजाला मधल्या कानातल्या स्नायूचं आपोआप आकसणं) घेतला तर तो येतो! स्टेप्स घट्ट बसली असती तर तो यायला नको होता. आता बोन कंडक्शन (हाडातून ऐकण्याची पातळी) पुन्हा बघा, आणि शून्यावर थांबू नका, उणे ५, उणे १० पर्यंत खाली जा. बहुतेक जण शून्यावर थांबतात आणि तिथेच निदान हुकतं. पेशंटला विचारा, स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो का, चालताना पावलं कानात ऐकू येतात का, डोळे फिरवले की आवाज येतो का, मोठ्या आवाजाने भोवळ येते का. उत्तर हो असेल तर आतल्या कानातल्या वरच्या अर्धवर्तुळाकार नलिकेवरचं हाड विरलेलं असू शकतं. लॉइड मायनर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हा विकार मांडला. आतल्या कानाला हे तिसरं छिद्र मिळाल्यामुळे हवेतून आलेली कमी वारंवारतेची ऊर्जा तिकडे गळते, आणि हाडातून येणारा आवाज उलट जास्त चांगला पोचतो. गॅप खरी असते, पण ती मधल्या कानामुळे नसते. पुढे व्हेम्पचा थ्रेशोल्ड नेहमीपेक्षा खाली मिळतो आणि नलिकेच्या प्रतलात कापलेल्या सीटीवर छिद्र दिसतं. हे न ओळखता स्टेप्सची शस्त्रक्रिया झाली तर गॅप तशीच राहते आणि पेशंटने धोका विनाकारण पत्करलेला असतो. श्रवणतज्ज्ञ, सर्जन आणि रेडिओलॉजिस्ट एकत्र बसतात तिथे हे निदान होतं. चिठ्ठ्या फिरतात तिथे ‘एअर-बोन गॅप ३०’ एवढंच पुढे जातं.

तिसरा प्रश्न समुपदेशनाचा. पेशंटशी तुम्ही जे बोलता, ते मार्गदर्शक ऐकतो का? आरशामागून, रेकॉर्डिंगवरून, कसंही. बहुतेक अभ्यासक्रम चाचणी तपासतात आणि संभाषण तपासत नाहीत. टिनिटस (कानात सतत येणारा आवाज) आणि हायपरअक्यूसिसमध्ये (साधा आवाजही सहन न होणं) तर उपचाराचा मोठा भाग संभाषणच असतो.

तुमच्या ‘सवय होईल’ बद्दल स्पष्टच लिहितो. ते वाक्य खोटं नाही, पण एकटं सांगितलं की पेशंटला ऐकू येतं, ‘याच्यावर काही नाही.’ त्याआधी काही गोष्टी झाल्या पाहिजेत. धोक्याच्या खुणा आधी: आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येतो का, एकाच कानात आहे का, दोन्ही कानांच्या ऐकण्यात फरक आहे का, भोवळ किंवा चेहऱ्याची कमजोरी आहे का. यातलं काहीही असेल तर डॉक्टरांकडे, गरजेप्रमाणे इमेजिंगसाठी. झोप कशी आहे आणि जगणं नकोसं वाटतं का, हेही थेट विचारायचं. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. मग टिनिटसचा त्रास मोजणारी टीएचआय प्रश्नावली. तिच्यात २५ प्रश्न, गुण ० ते १००. गुणांपेक्षा कोणत्या प्रश्नाला ‘हो’ आलं ते बघा: झोप बिघडते, लक्ष लागत नाही की आपल्याला गंभीर आजार झालाय अशी भीती वाटते, त्यावर पुढचं बोलणं ठरतं. ऐकणं कमी असेल तर यंत्र बसवून अनेकांचा त्रास हलका होतो. पार्श्वभूमीचा आवाज द्यायचा तर टिनिटस पूर्ण झाकण्याइतका मोठा द्यायचा नाही, कारण जे ऐकूच येत नाही त्याची मेंदूला सवय होत नाही. त्रास कमी करण्याबाबत सर्वांत भक्कम पुरावा संज्ञानात्मक वर्तनोपचाराचा आहे. तो कोण देतो, याची ओळख करून ठेवा.

हायपरअक्यूसिसच्या पेशंटच्या कानात बहुधा बोळे असतात. आवाज सहन होत नाही म्हणून तो दिवसभर कान झाकतो, शांततेमुळे श्रवणव्यवस्था आतली संवेदनशीलता वाढवते, आणि असहिष्णुता आणखी वाढते. बोळे एका झटक्यात काढायला लावायचे नाहीत, हळूहळू कमी करायचे. खऱ्या गोंगाटात मात्र संरक्षण हवंच. आणि अशा पेशंटची रिफ्लेक्स चाचणी सवयीने १०० डेसिबलला सुरू करू नका. एका चुकीच्या टोनने तो पेशंट परत यायचा थांबतो. अभ्यासक्रमात हे शिकवतात का, हे कळायला त्यांना इतकंच विचारा: ‘हायपरअक्यूसिसच्या पेशंटला तुम्ही चाचण्या कोणत्या क्रमाने घेता?’

‘चारचौघांत कळत नाही’ या तक्रारीसाठी पहिली पायरी अगदी साधी आहे आणि बहुतेक केंद्रांत ती होत नाही: गोंगाटातल्या बोलण्याची चाचणी. शांततेतले शब्द ओळखता येणं आणि गोंगाटात ओळखता येणं यांचा एकमेकांशी संबंध तुम्हाला वाटतो त्यापेक्षा सैल असतो. त्याच्याबरोबर ८ किलोहर्ट्‌झच्या वरचे थ्रेशोल्ड, रिफ्लेक्स आणि बेरा. त्यात न्यूरोपथीचं सौम्य रूप किंवा नसेवरची गाठ सुटू नये, हा हेतू. पुढे श्रवणप्रक्रियेच्या चाचण्या: दोन कानांत एकाच वेळी वेगळे अंक, आवाजातला सूक्ष्म खंड ओळखणं, स्वरांचा क्रम. सात वर्षांखालच्या मुलात त्यांचे निकाल इतके खालीवर होतात की त्यावरून लेबल लावू नये. मोठ्या मुलातही लक्ष आणि भाषा आधी तपासायची, नाहीतर एकाग्रतेची अडचण ‘श्रवणप्रक्रियेचा विकार’ म्हणून फाइलमध्ये जाते. ‘लपलेला श्रवणदोष’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. कुजावा आणि लिबरमन यांनी २००९ मध्ये उंदरांत दाखवलं की मोठ्या आवाजानंतर थ्रेशोल्ड पूर्ववत झाले तरी केसपेशी आणि नस यांच्यातले सांधे कायमचे गेलेले असतात. माणसात ते ओळखणारी सर्वमान्य चाचणी अजून नाही. कोणी अभ्यासक्रमात ‘लपलेल्या श्रवणदोषाचं निदान’ शिकवतो असं छापत असेल, तर पुरावा मागा.

चाचणी-कौशल्याबद्दल एक गोष्ट विचाराच: तिथला विद्यार्थी ‘प्रतिसाद नाही’ आणि ‘निष्कर्ष काढता येत नाही’ यात फरक करतो का? बेरामध्ये इलेक्ट्रोडचा इम्पिडन्स ५ किलोओहमच्या खाली आणि एकमेकांच्या जवळ हवा. मूल नीट झोपलेलं हवं आणि प्रत्येक महत्त्वाच्या पातळीवर दोन रन एकमेकांवर बसायला हवेत. उरलेला गोंगाटच मोठा असेल तर सपाट रेषेचा अर्थ काहीही होत नाही. तरीही अशा रेकॉर्डवर ‘तीव्र बहिरेपणा’ लिहिलं जातं आणि तान्ह्या बाळाला जास्त ताकदीचं यंत्र लागतं. सहा महिन्यांखालच्या बाळाची टिम्पॅनोमेट्री २२६ हर्ट्‌झच्या टोनने घेतली की मधल्या कानात पाणी असूनही नॉर्मल दिसू शकते. तिथे १००० हर्ट्‌झ लागतो. हे जिथे नेमाने पाळतात ती जागा चांगली.

लहान मुलांच्या विभागात आणखी काही धागे सुटता कामा नयेत. जन्मतः तीव्र बहिरं मूल दीड वर्ष उलटूनही चालत नसेल तर तोल सांभाळणारा भागही निकामी आहे का ते बघावं लागतं, कारण अशर सिंड्रोम या जन्मजात विकाराच्या पहिल्या प्रकारात पुढे दृष्टीही जाते. बहिऱ्या मुलाला मध्येच चक्कर येऊन शुद्ध हरपत असेल तर ईसीजी काढायलाच हवा. त्यात क्यूटी अंतर (हृदयाच्या ठोक्यातला एक टप्पा) लांबलेलं असेल तर ते जिवावर बेतू शकतं. मेंदूज्वरानंतर श्रवणचाचणी लांबणीवर टाकायची नाही, कारण आतल्या कानात हाड भरू लागलं की इम्प्लांट घालणं दर आठवड्याला अवघड होत जातं. मोठ्या माणसात सलग तीन वारंवारतांना ३० डेसिबल किंवा जास्त घट तीन दिवसांच्या आत झाली असेल तर ती तातडीची बाब आहे. मळ किंवा सर्दी समजून दोन आठवडे गेले की स्टेरॉइडचा उपयोग झपाट्याने कमी होतो. अभ्यासक्रमाने यातलं काय, कुठे आणि किती वेळात पाठवायचं याचे लेखी नियम विद्यार्थ्याला दिले पाहिजेत.

तोवरच्या तयारीसाठी नवीन यंत्र लागत नाही. मास्किंगपासून सुरुवात करा. चार वर्षं काम केलेल्यांचंही तिथे बिनसतं. साध्या हेडफोनने आवाज पलीकडच्या कानात ४० डेसिबल कमी होऊन जातो, इन्सर्टने ५५ किंवा जास्त, बोन व्हायब्रेटरने जवळपास शून्य. आता समजा, दोन्ही कानांत ६० डेसिबलचा कंडक्टिव्ह (आवाज आतल्या कानापर्यंत पोचण्यातला) दोष आहे आणि बोन ० वर. न तपासलेल्या कानाला झाकायला हेडफोनने ७० डेसिबलचा गोंगाट द्यायचा, तर त्यातला ३० तपासल्या जाणाऱ्या कानात पोचतो आणि त्याचा ० वरचा बोन थ्रेशोल्ड खोटाच ३० दिसतो. मग कंडक्टिव्ह दोष मिश्र (आतला कानही बिघडलेला) म्हणून लिहिला जातो. अशा वेळी इन्सर्टने कोंडी बरीच सुटते. नाही सुटली तर ‘मास्किंग शक्य झालं नाही’ असं लिहायचं, अंदाजाने आकडा भरायचा नाही. कागदावर अशी दहा उदाहरणं स्वतः तयार करून सोडवा.

रिअल-इअर मापन तुमच्या केंद्रात होत नसेल तर ते सुरू करवून घ्या. पहिल्या फिटिंगवर (सॉफ्टवेअरने आपोआप दिलेल्या सेटिंगवर) भरवसा ठेवून कितीतरी ‘अवघड’ पेशंट निर्माण होतात, जे लक्ष्याच्या पाच डेसिबलच्या आत यंत्र आणलं की साधे ठरतात. उतार फार तीव्र असलेल्या ऑडिओग्राममध्ये जास्त आवाज दिला तरी बोलणं स्पष्ट होत नसेल, तर ब्रायन मूर यांची टेन चाचणी वाचून घ्या: आतल्या कानात मृत क्षेत्र असेल तर तिथे ध्वनी कितीही वाढवला तरी अर्थ पोचत नाही. आणि एका कानाची तीव्र घट आणि पेशंटची वागणूक जुळत नसेल तर स्टेंगर ही खोटी घट ओळखणारी चाचणी घ्यायला शिका. चांगल्या कानात थ्रेशोल्डच्या १० वर, वाईट म्हणवलेल्या कानात १० खाली, एकाच वेळी. खरंच ऐकू येत नसेल तर तो चांगल्या कानातला टोन ऐकून उत्तर देईल. घट खोटी असेल तर मोठा आवाज त्याला ‘वाईट’ कानातच जाणवतो, चांगल्या कानातला हळू टोन त्याच्या ध्यानातही येत नाही, आणि तो गप्प बसतो. गप्प बसलेल्या माणसावर लबाडीचा शिक्का मारायचा नाही. मुलांत अशी घट बहुधा शाळेतल्या किंवा घरातल्या एखाद्या त्रासाचं चिन्ह असते, तेव्हा त्याची चौकशी करायची.

शेवटी, जुन्या फाइलींतून अशा पंधरा-वीस काढा, जिथे दोन निकाल जुळत नव्हते आणि तुम्ही पुढे गेलात. ओळख पटेल असं सगळं झाकून प्रत्येकीचं एक पान करा: काय जुळत नव्हतं, कोणती चाचणी घ्यायला हवी होती, ती का घेतली नाही. प्रवेशाच्या मुलाखतीला त्यातली दोन पानं घेऊन जा आणि शिकवणाऱ्यांपुढे ठेवा. त्यांनी आधी पेशंटचा इतिहास विचारला आणि तुमच्या चाचण्या पुन्हा कशा घेतल्या होत्या हे खोदून विचारलं, तर नोकरीचा राजीनामा लिहायला हरकत नाही. त्यांनी पान न वाचताच त्यांच्याकडे कोणतं यंत्र आहे हे सांगायला सुरुवात केली, तर आणखी एखादा अभ्यासक्रम पाहून या.